बडीशेप न खाल्लेली नऊ वर्षं

प्रिय नंदू,

दचकू नकोस, तुझ्या आईला या वयात लिहिता यायला लागलेलं नाही. मी पलंगावर बसून बोलतेय आणि तुझी रेवा खाली सतरंजीवर, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितेय. तिला बजावलंय, शुद्धलेखन सुधार, पण मला सुधारू नकोस. ती म्हणाली, "आजी, गेलेल्या माणसाला पत्र कोण लिहितं यार?" म्हटलं, होता तेव्हा तरी आपण त्याच्याशी कुठं नीट बोललो? लिही.

अक्षरांचं आणि माझं कधी जमलं नाही, तुला ठाऊकच आहे. माहेरी भाऊ पाट्या गिरवायचे आणि मी त्या पाट्या धुऊन उन्हात लावायचे. सगळी बाराखडी माझ्या हाताखालून गेली ती थेट मोरीत! आकडे तेवढे येतात. बसचे, घड्याळाचे, फोनवरचे. पण वाचता येत नसलं तरी पेन थांबलेलं मला बरोबर ऐकू येतं. तेव्हा रेवाबाई, मधलं एखादं वाक्य गाळायचा विचार असेल तर सोडून द्या.

पत्र आत्ताच का? रविवार येतोय म्हणून.

परवा तुझ्या त्या मीटिंगवाल्यांचा फोन आला. दारू सोडलेल्यांची ती तुमची मीटिंग, कृष्णपुऱ्याच्या समाधीच्या छत्र्यांच्या मागल्या गल्लीतली. त्यांच्यातल्या एकाला दारू सोडून येत्या रविवारी पाच वर्षं होतायत. तुम्ही लोक वाढदिवस करता ना सोडल्याचा? केक, चहा आणि वर्षांचा आकडा कोरलेला पितळी बिल्ला. तर त्या माणसाची इच्छा आहे, पाचाचा बिल्ला आपल्याला नंदूभियाच्या मुलीच्या हातून मिळावा.

रेवा फोनवर "सोचके बताती हूँ अंकल" म्हणाली. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मी नाही जाणार. तिथं सगळे म्हणतील, तेरे पापा नौ साल सूखे रहे. आठ होती आजी, आठ! नंतर तो प्यायला, आणि वर नवाचा बिल्ला घेऊन घरी आला. कोणत्या तोंडानं जाऊ मी?"

मी मेथी निवडत होते. निवडतच राहिले. शेवटी पानं टोपलीत आणि देठ पातेल्यात, अशी गत झाली.

नंदू, पोर चुकतेय. आणि ती चुकतेय हे मला पाच वर्षं माहीत आहे.

हं, थांबलं पेन. चालू दे पोरी. मी पोचते तिथवर. म्हातारीला जिना हळू चढू दे.

आधी तुझंच सांगते, तुला आवडायचं नाही तरी. तुझी बायको गेली तेव्हा रेवा दोन वर्षांची. जुनी इंदूर सगळी हळहळली, बायको गेल्याच्या दुःखानं पोरगा प्यायला लागला म्हणून. मी मान डोलवायची. खोटं रे! तू आधीपासून प्यायचास. दुःखानं तुला फक्त सगळ्यांना सांगायला एक बरं कारण दिलं. आणि मला पण.

पोलोग्राउंडच्या कारखान्यातून तू साडेसहाला घरी यायचास. माझं नाक तपकिरीनं केव्हाच कामातून गेलेलं. तुझ्या चालण्यावरून कळायचं नाही, बोलण्यावरून तर नाहीच. प्यायल्यावर तू जास्त शहाण्यासारखा बोलायचास. मग मी काय केलं? सात वर्षांच्या पोरीला दाराशी उभी केली.

"बाबा आला की धावत जायचं, गळ्यात पडायचं आणि वास घ्यायचा. नसला तर म्हणायचं, बाबा आला! असला तर म्हणायचं, आजी, पाणी!" बस. पाणी म्हटलं की मी भाजीची सुरी, तुझ्या खिशातलं पाकीट, देवापुढची समई, सगळं आवरून ठेवायची आणि पोरीला आतल्या खोलीत घालून कडी लावायची.

शेजारच्या बाया म्हणायच्या, "काय माया आहे हो पोरीची बापावर! रोज गळ्यात पडते." मी म्हणायची, "हो ना." माया होतीच की. पण मी तिच्या मायेला नोकरीला लावलं, त्याचं काय?

तू सोडलीस तो दिवस रेवाला लख्ख आठवतो. ती हसतेय आता, म्हणजे आठवतोय. तिची शाळा सुटली, तू आणायला गेलास आणि वाटेत दारूच्या कलालीत शिरलास. तिला बाहेर पायरीवर बसवलंस, हातात खायला सेवेची पुडी दिलीस. आत गेलास आणि दुसऱ्या दारानं निघून घरी आलास, एकटा! मी विचारलं, "पोर कुठं आहे?" तर तू मलाच विचारलंस, "कुठली पोर?"

मी तशीच धावले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. पोर पायरीवर पाय जुळवून बसली होती. मला म्हणाली, "ओरडू नको आजी, बाबा आत आहे. येईल आता." पुडी रिकामी होती आणि पुडीचा कागद तिनं घडी घालून दप्तरात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी तू कारखान्यातल्या त्या मिस्त्रीबरोबर मीटिंगला गेलास. मला वाटलं, चार दिवसांचं नाटक. पाचव्या दिवशीही गेलास.

एकदा मलाही नेलंस, आठवतं? प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टीलचे कप, मला वाटलं कुणाच्या तरी तेराव्याला आलो. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "मेरा नाम नंदू है और मैं शराबी हूँ." मी मागून ओरडले, "अरे, था बोल ना! था!" सगळी मीटिंग खदखदून हसली. एक म्हातारा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "माँजी, हमारे यहाँ कोई छूटता नहीं. बस आज नहीं पी, इतना ही." मी घरी येईपर्यंत रुसून बसले होते. आज नाही प्यायलो, एवढंच? एवढ्याला केक?

आज कळतं, तेवढंच होतं. आणि तेवढं रोज होतं.

तू सोडलीस तरी मी पोरीची नोकरी सोडवली नाही. हा माझा पहिला गुन्हा, लिही. आठ वर्षांची, दहा वर्षांची, बारा वर्षांची झाली तरी साडेसहाला ती दाराशी. "बाबा आला!" म्हणायची आणि मग घर श्वास सोडायचं. मोठी झाल्यावर गळ्यात पडणं बंद झालं, मग तुझ्या हातातली डब्याची पिशवी घ्यायच्या निमित्तानं जवळ यायची. तू थट्टा करायचास. तोंड वाकवून "हाऽऽ" करायचास तिच्यापुढं. "घ्या इन्स्पेक्टरसाहेब!" ती म्हणायची, "पास!"

मी हसायची. तुम्हा दोघांना हसू येतंय म्हणजे सगळं ठीक आहे, अशी माझी समजूत. तुला रोज स्वतःच्या घरात शिरायला पोरीकडून परवानगी घ्यावी लागते, हे तुला कसं वाटत असेल रे? कधी विचारलं नाही मी.

आणि ती बडीशेप! दारू लपवणारे पान खातात, इलायची चघळतात, मूठभर बडीशेप तोंडात टाकतात. तू सोडल्यावर ते सगळंच सोडलंस. लग्नात, बारशात, कुठंही जेवण झालं आणि बशी पुढं आली की हात जोडायचास. या इंदूरमध्ये जेवून बडीशेप न खाणारा माणूस! लोक म्हणायचे, "क्या भिया, नाराज हो?" मी एकदा म्हटलं, "अरे, आता खायला काय हरकत आहे?" तू म्हणालास, "आई, तिला वास घ्यायचाच आहे ना? मग मध्ये काही नको. तिला खरं ते कळू दे."

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून.

रेवा, नाक पुसून घे, कागदावर नको.

ही तुझी मुलगी आजही चहात इलायची घालू देत नाही. मागच्या महिन्यात एक स्थळ आलं होतं, मुलगा इथंच आयटीत. पोह्याची बशी देताना ही बया त्याच्या तोंडाशी इतकी वाकली की मुलाच्या आईला वाटलं, किती लाजाळू मुलगी, मान वर करत नाही! मला कळलं ना काय चाललंय. ते गेल्यावर म्हटलं, "काय गं, पास?" तर म्हणाली, "मिंट खाऊन आला होता. लपवत असेल काहीतरी." आणि नकार. अरे, बिचारा दात घासून आला असेल!

मी हसले तेव्हा. पण त्या दिवशी मला नीट झोप लागली नाही. आमच्या दाराशी उभी केलेली पोर अजून तिथंच उभी आहे, नंदू. तू गेलास तरी तिला कुणी आत बोलावलं नाही.

आता तो दिवस. बस आता, पोचले मी.

दिवाळी होऊन गेली होती. रेवाचं बारावीचं वर्ष. साडेसहा झाले, आठ झाले, साडेनऊ व्हायला आले. रेवा पुस्तक घेऊन दारातच बसलेली. तू आलास तो भिंतीला धरून, चेहरा उतरलेला, शर्टाचा खांदा ओला. रेवा पुढं गेली, पिशवी घेतली. आणि मला आतून ऐकू आलं, "आजी, पाणी."

आठ वर्षांनी तो शब्द ऐकला रे! माझे हात आपोआप समईकडे गेले.

तू म्हणालास, "मी नाही प्यायलो." दुसरं काही नाही. आता तूच सांग, पूर्वी प्यायल्यावर तू काय म्हणायचास? हेच! अगदी याच आवाजात! मी दाराशी आले आणि म्हणाले, "बाहेरच थांब." कडी लावली. तू दार वाजवलं नाहीस. सकाळी बाहेरच्या नळावर आंघोळ करून कामावर निघून गेलास.

आठ दिवस पोर तुझ्याशी बोलली नाही. ताट समोर ठेवायची आणि वळायची. साडेसहाला दाराशी यायची तीसुद्धा बंद झाली. तू आपणहून दारात थांबायचास, तोंड पुढं करून. कुणी यायचं नाही. मग चप्पल काढून आत यायचास.

नवव्या दिवशी दुपारी एक बाई आली. हिरवी साडी, हातात सेवेचा डबा. रेवा कोचिंगला गेलेली. बाई दारातच माझ्या पाया पडली.

"माँजी, आपके बेटे ने मेरा घर बचा लिया."

तिचा नवरा तुमच्याच मीटिंगमधला. दोन वर्षं राहिला होता नीट, त्या दिवशी घसरला. नदीवरच्या पुलापाशी पडला होता. तशातही त्याला एक सुचलं, तुला फोन लावला. तू कारखान्यातून सुटून थेट तिकडं गेलास. त्याला उचललंस, खांद्यावर टाकलंस. तो तुझ्या अंगावर ओकला. रिक्षावाले घेईनात म्हणून तसाच त्याला पाठीशी धरून चालत राहिलास, मग एकानं घेतलं. दारू सोडवणाऱ्या केंद्रात भरती करून, ही बाई येईपर्यंत तिथं बसलास, आणि मग घरी आलास. दुसऱ्याची दारू अंगावर घेऊन. आणि मी कडी लावली.

रेवा, लिहिणं बंद झालंय तुझं. मला ऐकू येतंय.

लिही पोरी. तुझा बाबा त्या दिवशी प्यायला नव्हता.

पेन खाली ठेवून उठून गेली होती ती, नंदू. ओट्यावर बसली होती बाहेर. लिहून घ्यायला कुणी नव्हतं. मग मी पण थांबले.

आता परत आली, म्हणून हे लिहून होतंय. अर्धा तास झाला असेल, घड्याळात बघितलं मी. डोळे लाल, पण बसली सतरंजीवर. मी म्हटलं, राहू दे आज. तर म्हणाली, "नाही. बोल. सगळं बोल. मी लिहिते." बरं.

त्या संध्याकाळी मी तुला विचारलं, "सांगितलं का नाहीस?" तू म्हणालास, "तिथलं तिथंच ठेवायचं असतं आई. ती त्याची गोष्ट आहे, मी कशी सांगू?" मग म्हणालास, "आणि सांगितलं असतं, तर मानलं असतंस?"

नसतंच मानलं.

तू म्हणालास, "आता त्याच्या बायकोनंच सांगितलंय, तर रेवाला तू सांग. माझं ती ऐकायची नाही. तुझं ऐकते." मी म्हटलं, "सांगते. परीक्षा होऊ दे. आत्ता डोक्याला ताप नको तिच्या."

परीक्षा! किती छान कारण सापडलं मला! तुझ्यासारखंच. खरं कारण वेगळं होतं. त्या घरात इतकी वर्षं बरोबर असायची ती मी. तू चुकायचास, मी आवरायची. एकदा मी चुकले, तर ते पोरीसमोर कबूल करायला जीभ वळेना. आणि मनात असंही होतं, लिही हेही, की थोडा धाक राहू दे. बापाला पोरीचा धाक आहे म्हणून तो नीट आहे, असं मला वाटायचं. तू तुझ्या बळावर नीट आहेस, हे मी नऊ वर्षांत एकदाही मानलं नाही.

रेवा घरी आली, डबा बघितला. "कुणी दिली सेव?" मी म्हटलं, "नवीन दुकान निघालंय, चव बघायला वाटतायत." तिनं खाल्ली. "मस्त आहे," म्हणाली. तू समोर बसून ऐकत होतास. तू एक दाणाही घेतला नाहीस.

मग संक्रांतीच्या सुमारास तुझी नऊ वर्षं भरली. तू बिल्ला घेऊन आलास, नेहमीसारखा तिच्या पुस्तकावर ठेवलास. आधीचे आठही तूच तिच्याकडे दिले होतेस सांभाळायला, तिच्या कंपासपेटीत असायचे. तिनं तो उचलला, तुझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "हा परत कर. खोटा आहे."

तू तिच्याकडे नाही बघितलंस. माझ्याकडे बघितलंस.

नंदू, मी कणीक मळत होते. मी कणीक मळत राहिले.

तोंडातून एक वाक्य काढायचं होतं रे! पोरी, तो खरा आहे. एवढंच! तू किती वेळ थांबलास माझ्याकडे बघत? मग बिल्ला उचललास आणि माझ्या सुपारीच्या डब्यात टाकलास. रागवायचं तरी होतंस! ओरडायचं होतंस! प्यायचास तेव्हा किती ओरडायचास, आणि ओरडायचा हक्क होता त्या दिवशी गप्प बसलास.

त्यानंतर महिना झाला असेल. भर दुपारी कारखान्यात छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. परीक्षा सुरू व्हायच्या आधीच. मी पाळणार होते तो वायदा तिथंच राहिला.

तुला घरी आणलं तेव्हा रेवा रडली नाही. सगळी गल्ली जमलेली. ती तुझ्याशी गुडघे टेकून बसली आणि तुझ्या तोंडाजवळ वाकली. बायांना वाटलं, लेक बापाचा शेवटचा मुका घेतेय, सगळ्यांनी पदर डोळ्यांना लावले. ती उठून माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "आज काही नाही, आजी."

ते ऐकल्यावर मी तिला काय सांगायचं होतं? की त्या दिवशीही काही नव्हतं? तिचा जीव गेला असता. असं मी स्वतःला सांगितलं. एक वर्ष सांगितलं, दोन वर्षं सांगितलं. मग सवय झाली. तू म्हणायचास ना मीटिंगमध्ये, की खोट्याचीही सवय लागते, दारूसारखीच? मी म्हणायची, काहीतरीच बोलतोस.

आता रेवा बोलतेय. मी म्हटलं, तुझं बोलणंही लिही.

"पाच वर्षं, आजी? माझ्या तोंडावर पाच वर्षं?"

हो.

"ती सेव मी खाल्ली! त्याच्या समोर बसून!"

हो.

"मी आत्ता तुझ्याशी बोलत नाहीये. फक्त लिहितेय."

बरं.

नंदू, हे मला मिळायलाच हवं होतं. तुला आठ दिवस मिळालं, मला कितीही दिवस मिळो. पण ती त्यानंतर काय म्हणाली, ते तू ऐक. लिहायला तयार नव्हती, मी हट्ट धरला.

म्हणाली, "आजी, वास तोंडाला नव्हता. खांद्याला होता. मला तेव्हाच कळलं होतं. पिशवी घेताना तोंडाजवळ गेले, तिथं काही नव्हतं. मग खांद्याचा आला आणि मी घाबरले. तू नेहमी विचारायचीस, येतोय का? कुठून येतोय, ते कधी विचारलं नाहीस. मी पण नाही सांगितलं. नंतर वाटलं, सांगितलं तर तू म्हणशील, बापाची बाजू घेतेस."

म्हणजे बघ! दोघी बायका एकाच घरात, एकाच गोष्टीचे दोन तुकडे दोन पेट्यांत ठेवून बसलो. एकमेकींना दाखवले असते तर तू दुसऱ्याच दिवशी सुटला असतास.

रेवा, हे नीट लिही, ठळक काढ. सतरा वर्षांची पोर घाबरली, कारण सात वर्षांच्या पोरीला घाबरायला शिकवलं होतं. शिकवलं मी. तिनं नाकानं जे घेतलं ते खरंच होतं. त्यावरून कडी लावली ती माझ्या हातानं. बापाचं काही देणं लागत असेल या घरात, तर ते म्हातारीच्या नावावर आहे, पोरीच्या नाही. नंदू, तूही तसंच समज. आणि तू समजलाच होतास, नाहीतर त्या दिवशी तू तिच्याकडे बघितलं असतंस, माझ्याकडे नाही.

माझ्यावर रागव. तिच्यावर रागावू नकोस. रागावला नव्हतासच म्हणा.

एक मात्र मला तुझ्यावर रागवायचंय, तेवढं ऐकून घे. दार वाजवायचं होतंस रे! एवढा उंच माणूस, पंपाची मोटर एकट्यानं उचलणारा, आणि एक दार वाजवलं नाहीस? "आई, उघड, रेवाला खांदा हुंगू दे," एवढं म्हणायला काय झालं होतं? तिथलं तिथं ठेवता ठेवता तू घरातलंही तिथंच ठेवलंस. मीटिंगमध्ये पन्नास लोकांपुढं उभा राहून सगळं बोलायचास, आणि आमच्यापुढं गप्प. आम्ही काय ऐकलं नसतं? नसतं ऐकलं कदाचित. पण वाजवायचं होतंस.

झालं. आता रविवारचं सांगते.

सुपारीचा डबा मी आत्ता रेवाला उघडायला लावला. बिल्ला काळा पडलाय, सुपारीचा डाग लागलाय त्याला. चिंचेनं घासून घेऊ. मी तिला म्हटलं, तू रविवारी जायचं की नाही ते तू ठरव, मी जबरदस्ती नाही करणार. मी मात्र जाणार. रिक्षा करून जाईन, एकटी. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसेन आणि माझी पाळी आली की उभी राहीन. हिंदीत बोलेन, मोडकं तर मोडकं. सांगेन, मैं नंदू की माँ. मेरे बेटे ने नौ साल नहीं पी. मुझे मालूम था, और मैंने बताया नहीं. मग ते हसोत नाहीतर उठून जावोत.

आणि आता ती विचारतेय, "तो माणूस, ज्याला बाबानं उचललं, तो अजून नीट आहे? त्या दिवसापासून?"

अगं, त्याचाच तर पाचवा वाढदिवस आहे रविवारी. तोच बिल्ला मागतोय तुझ्या हातून.

पेन पुन्हा थांबलं. थांबू दे.

नंदू, तुला वचन देते. या घरात यापुढं कुणाला दाराशी उभं करणार नाही. रेवाच्या घरी जो येईल, तो वास घेऊ न देता येईल. मिंट खाऊन आला तरी! मीच त्या मुलाच्या आईला पुन्हा फोन लावीन, पोरीनं परवानगी दिली तर. आणि तुझ्या श्राद्धाला पान वाढीन तेव्हा शेवटी बडीशेपेची बशी ठेवीन, खडीसाखर घालून. तू हात जोडायचे नाहीस. पोटभर खायची.

आणि तुझी वर्षं कुणाला कापू देणार नाही.

मी रेवाला म्हटलं, पत्राच्या शेवटी तो आकडा लिही. किती लिहायचा ते तू बघ. तिनं लिहिलं, कागद माझ्यासमोर धरला आणि एका जागी बोट ठेवलं. एवढ्या मोठ्या पत्रात मला वाचता येणारी ती एकच जागा.

९

तुझी,
आई
(अंगठा माझा, शाई रेवाची)